गुरुवारी ठेवलेलं प्रस्थान

आमच्या घरात घाबरण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. हे झाशीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तापलेलं लोखंड आणि तापलेला साहेब, दोन्ही त्यांनी सारख्याच शांतपणे हाताळलं. मी मात्र मांजर आडवं गेलं तर रिक्षा परत फिरवणारी. हे मराठीत हसायचे, मुलं हिंदीत हसायची, एवढाच फरक.

निवृत्त झाल्यावर यांनी नगरा वस्तीतल्या आमच्या घरामागे नाव बांधायला घेतली. कारखान्यातले त्यांचे एक नेपाळी सोबती पोखऱ्याला परत गेले होते आणि तिथल्या तळ्यावर लोकांना नावेतून फिरवायचे. त्यांना यांनी शब्द दिला होता की नाव मी करीन आणि पोचवीनही मीच. झाशीत नाव बांधून डोंगरात नेऊन देणारा नवरा मिळायलाही नशीब लागतं. दोन हिवाळे खपून यांनी ती पुरी केली, आतून निळी, बाहेरून पांढरी. तिला ठेवायला दोन चाकांचा गाडाही घरीच केला. तो धाकट्या दिरांच्या जीपमागे जोडायचा आणि दोघा भावांनी नेपाळात जायचं, असं ठरलं.

मी तेव्हा मानिक चौकात एका विमा एजंटाकडे कागद भरायला जात असे. परदेशात गाडी बंद पडली तर मदत पाठवणारा, मागे जोडलेला गाडासुद्धा क्रेनने उचलणारा एक विमा तिथे मिळायचा. नेपाळसाठी तो बारा दिवसांचा होता आणि ते दिवस घरून निघाल्या तारखेपासून मोजत. मीच हट्ट धरून तो काढायला लावला.

निघायचं होतं गुरुवारी. पण आदल्या दिवशी गाड्याचा आख वाकडा निघाला आणि तो दुरुस्त होऊन रविवारी संध्याकाळी मिळेल असं कळलं. म्हणजे सोमवार आला. पूर्वेकडे जायचं तर सोमवारी दिशाशूल, त्यात त्या दिवशी अमावास्या.

यावर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे प्रस्थान. चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी ठेवायचं, की माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. पुढे प्रत्यक्ष निघताना ती पुरचुंडी उचलून न्यायची. मी गुरुवारी सकाळीच गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या भाभींकडे ती ठेवून आले. यांना बजावलं, की कुणीही विचारलं तरी गुरुवारीच निघालो म्हणायचं, नाहीतर प्रस्थान मोडतं. हे हसले, पण हो म्हणाले.

दुपारी एजंटाच्या दुकानात यांचा कागद भरायला घेतला. 'निघण्याची तारीख' या रकान्यापाशी माझा हात थांबला. इतरांना दहादा खोदून विचारणारी मी, पण सोमवारची तारीख लिहायला माझं मन धजेना. मी गुरुवारची लिहिली. बारांतले चार दिवस गेले तर काय बिघडणार होतं?

सोमवारी निघालेले दोघं बुधवारी सीमेवर पोचले आणि तिथे अडकले. नाव कोणत्या सदरात दाखवायची हेच जकात नाक्यावर कुणाला ठरवता येईना. तिला सोडलं पुढच्या सोमवारी. मंगळवारी दुपारी मी पोळ्या करत असताना यांचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा होता आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

घाटात चढावर, ऐन वळणावर गाड्याचं एक चाक निखळलं होतं. गाडा मागे सरकून दरीकडे तिरका झाला होता आणि त्याच्या ओढीने जीपही सरकत होती. दीर ब्रेकवर पाय दाबून आत बसले होते. हे चाकांमागे दगड लावत होते. "विम्याची क्रेन बोलाव," म्हणाले, "आणि जरा लवकर."

तवा तसाच ठेवून मी कागद काढला. माझ्याच अक्षरातला गुरुवार. बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. बारा दिवस आदल्या रात्री संपले होते.

मदतीच्या नंबरवरच्या माणसाने तेच सांगितलं. मग मी चार दिवस टाळलेलं, नंतर आठवडाभर टाळलेलं ते वाक्य बोलले, "भैया, वो लोग सोमवार को निकले थे. तारीख मैंने गलत लिखी है." माणूस भला होता. तुमच्या मिस्टरांना विचारतो, तेही सोमवार म्हणाले तर खास बाब म्हणून क्रेन पाठवतो, म्हणाला. मी लगेच यांना फोन लावला, तर तो लागेना. तोच माणूस यांच्याशी बोलत होता. पाच मिनिटांनी त्याचा मला फोन आला.

"मैडम, सर तो गुरुवार बोल रहे हैं."

नंतर यांनी त्याला फोन करून खरं सांगून पाहिलं, पण एकदा नोंदलेलं आता बदलणार नव्हतं. पुढचे तीन तास यांचा फोन लागला नाही. मी देवापुढे बसले नाही, कारण काय मागायचं तेच सुचेना. डोळे मिटले की ते वळण दिसायचं, न पाहिलेलं वळण, आणि मी बसल्या जागी पाय दाबून धरायची.

पाचच्या सुमाराला फोन आला. "दोघंही बरे आहोत," हे म्हणाले. "गाडा सोडला." जीप दरीच्या कडेपर्यंत जायला लागली तेव्हा यांनी स्वतःच्या हाताने जोडणीची खीळ काढली होती. दोन हिवाळ्यांची नाव गाड्यासकट दरीत गेली.

हे घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी चहा देताना मला राहवलं नाही. विचारलं, अहो, खाली दरी दिसत होती, जन्मभर माझी टिंगल केलीत, मग नेमकं त्याच वेळी माझं का ऐकलंत?

यांनी कप खाली ठेवला. "तुझं ऐकलं नाही गं," म्हणाले. "तिथे उभं राहून सोमवार म्हणायची मलाच भीती वाटली."

चाळीस वर्षं हा माणूस कशालाच भ्यायला नव्हता, आणि मी त्याला भ्यायला शिकवून घाटात पाठवलं होतं.