पेवातल्या बाटल्या

मी सोलापुरातल्या एका अडत्याचा मुलगा. चार पिढ्या ज्वारीच्या धंद्यात गेलेल्या, आणि मला ज्वारीतलं ताटात पडलेल्या भाकरीपलीकडे काही कळत नव्हतं. वडिलांनी विलायतेला धाडलं ते बॅरिस्टर होण्यासाठी. तो मी झालोच, वर वाइनच्या बाबतीत शहाणा होऊन आलो. पहिल्या शहाणपणानं माझं पोट भरलं. दुसऱ्यानं जे केलं ते आता सांगतो.

लंडनात माझ्या खोलीत माढ्याचा एक जण राहायचा, तोही कायदा शिकायला आलेला. आमचा एक खेळ होता. घरमालकिणीचा जुना काळा मोजा बाटलीवर चढवायचा, म्हणजे नाव दिसायचं नाही, आणि नुसत्या घोटावरून ती वाइन कुठली आणि किती वर्षं मुरलेली ते ओळखायचं. हरेल त्यानं दुसऱ्याचे बूट पुसायचे. मी दोन वर्षं त्याचे बूट पुसले. असली जीभ मी पुन्हा कुणाच्या तोंडात पाहिली नाही. पुढे सोलापूरच्या कोर्टात त्यानं नाव काढलं तेही त्याच जिभेवर.

परत येताना मी फ्रान्सच्या सहा बाटल्या आणल्या. दहा वर्षं मुरू द्या, मग उघडा, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण आमचं घर शिवभक्तांचं. वडिलांच्या नजरेला बाटली पडली असती तर मला घराबाहेर काढून त्यांनी उंबरा धुऊन घेतला असता. आमच्या आवारात धान्याची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस. त्यातलं एक वडिलांनी दुष्काळासाठी राखलं होतं. ते भरून तोंड लिंपायच्या आदल्या दिवशी मी बाटल्या गोणपाटात गुंडाळून ज्वारीत पुरल्या. अंधार आहे, हलवाहलव नाही, वडील पाहणार नाहीत. फ्रान्सच्या तळघरात तरी याहून वेगळं काय असतं, असं मला वाटलं. मी स्वतःवर फार खूश होतो.

दहा वर्षं गेली, वडीलही गेले. त्या चैत्रात माझ्या त्या माढ्याच्या मित्राच्या जिभेखाली गाठ आली. मुंबईच्या सर्जननं पाहून सांगितलं, जीभ काढावी लागेल, तीही लगेच. तो घरी आला आणि नाही म्हणून बसला. वकिलाची जीभ काढल्यावर उरतं काय, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको माझ्याकडे आली. आजवर ती माझ्याशी दारामागूनच बोलायची, त्या दिवशी समोर येऊन उभी राहिली.

"भावजी, तुमचंच ऐकतात ते. तुमी सांगा की जायला."

मी सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या त्या बाटल्या आहेत ना? एकदा मोजा चढवून पाज. मग जातो, आणि काय कापायचं ते कापू देतो."

त्याच दिवशी पेव उघडायला हवं होतं. पण मी वाइनमधला शहाणा! दहा वर्षं मुरलेली वाइन सोलापूरच्या चैत्रात उघडायची म्हणजे पाप, असं मला वाटलं. मी म्हणालो, "जरा थंडी पडू दे. चार माणसं जमवू, रीतीनं करू." तोही हसून म्हणाला, "बरोबर आहे, घाई नको." त्याला तेच हवं होतं. मला ते तेव्हाही दिसत होतं. तरी दिवाळीपर्यंत आम्ही दोघे त्या जेवणाबद्दल बोलत राहिलो. आधी कुठली द्यायची, सोबत मटण की कोंबडी, सगळं ठरलं. वहिनी मधूनमधून विचारायच्या, आणि मी म्हणायचो, आता थोडेच दिवस.

कार्तिकात पेव उघडलं. ते उघडून दिवसभर तसंच ठेवावं लागतं, नाहीतर आत उतरणारा गुदमरतो. दुसऱ्या दिवशी आमचा म्हातारा हमाल उतरला आणि एकेक बाटली वर देत म्हणाला, "ह्ये हितं कुणी ठिवलं, धनी?"

"मीच."

"आवो, पेवातला जोंधळा लई तापतो की! हात घाला, अजून ऊन हाय. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरातल्या मोलकरणीलाही ते ठाऊक होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दोन बाटल्यांची बुचं उडालेली होती. उरलेल्या चार मी स्वयंपाकघरात नेऊन चाखल्या. चारही आंबलेल्या. पाहुणे त्याच संध्याकाळी यायचे होते.

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. पण तो सात महिने या घोटावर अडून बसला होता. बाटल्या नासल्या म्हटलं तर आणखी कशावर तरी अडेल, अशी मला धास्ती वाटली. आणि खरं सांगायचं तर मला लाजही वाटत होती. मी चारही बाटल्यांवर काळे मोजे चढवले.

दिवेलागणीला आम्ही तिघे बसलो. तिसरा होटगीचा रेल्वेतला गार्ड, मूळचा गोव्याचा आणि लहानपणापासून वाइन प्यालेला. मी पहिला पेला मित्राच्या हातात दिला. नाक त्याचं कोर्टात लागलेल्या तपकिरीनं केव्हाच मेलं होतं. त्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. त्याचा चेहरा वेदनेनं आवळला, मग हळूहळू सैल झाला.

"बोर्दो," तो म्हणाला. "काय मुरलीय रे! अजून पाच वर्षं टिकली असती."

नाव बरोबर होतं. मी काय काय आणलं होतं ते त्याला पाठच होतं. तेवढ्यात गार्डनं आपला घोट परत पेल्यात टाकला.

"वकीलसाहेब, माफ करा, पण हा शिरका झालाय. लोणच्यात घालायचा."

मित्रानं आधी गार्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला हल्ली पाणीही झोंबतं," तो म्हणाला. "मला वाटलं, हे झोंबणं माझंच."

मटणाचं ताट तसंच निवत राहिलं.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

"मग दिलीस कशाला?"

"तू जावंस म्हणून."

त्यानं पेला खाली ठेवला. "जाऊ या," तो म्हणाला. "जी राखत बसलो होतो ती गेलेलीच आहे."

त्याच आठवड्यात त्याला मुंबईला नेलं, मी आणि वहिनी. सर्जन इंग्रज होता. त्यानं गळा चाचपला, पुन्हा चाचपला आणि हात धुऊन माझ्याशी बोलला. गाठी गळ्यात उतरल्या आहेत, आता सुरी लावण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात आणला असता तर जीभ गेली असती, माणूस बहुधा राहिला असता. एवढं सांगून तो गेला.

वहिनींना इंग्रजी येत नव्हतं. त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"काय म्हणाले, भावजी?"

"रोगच तसा आहे म्हणाले," मी म्हणालो. "उन्हाळ्यात आणलं असतं तरी काही करता आलं नसतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्या कुणाचं काही चुकलं न्हाय."

तो खाटेवर पडून होता. इंग्रजी त्याला माझ्याइतकंच येत होतं, आणि सर्जनचा शब्द न् शब्द त्यानं ऐकला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या जड झालेल्या जिभेनं, एकेक अक्षर सावकाश उच्चारत, बायकोला सांगितलं, "तसंच म्हणाले ते."