रनिंग किती?

आमच्याकडे कुणी गाडी घेतोय म्हटलं की लोक किंमत नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘रनिंग किती?’ म्हणजे महिन्याला किती किलोमीटर फिरणार. जास्त असेल तर डिझेल, कमी असेल तर पेट्रोल. इतका सोपा प्रश्न, आणि मला त्याचं उत्तर देता येईना. त्यापायी माझं डोकं नुसतं फिरून गेलं होतं.

मी टेंभुर्णीजवळच्या शाळेत शिक्षिका, आणि आमचे हे शहागडच्या बाजूला शिक्षक. मध्ये अख्खा जालना जिल्हा. लग्न झाल्यापासून मी इकडे भाड्याच्या खोलीत, हे तिकडे. शनिवारची सकाळची शाळा आटोपली की हे निघतात, जालन्यात एसटी बदलतात आणि दिवेलागणीला दारात उभे राहतात. रविवारी संध्याकाळी परत. नवरा-बायकोला एकत्र आणायची बदल्यांमध्ये सोय आहे. आम्ही दर वेळी अर्ज करतो आणि दर वेळी कुठं तरी घोडं अडतं. यंदा मात्र होईल असं मला वाटत होतं. का, ते विचारू नका. मला दर वर्षी वाटतं.

तर बदली झाली की रनिंग काय? घर, शाळा, बाजार. त्याला पेट्रोलची छोटी गाडी भरपूर झाली. आणि नाही झाली तर?

ह्यांचं डिझेलवर पक्कं ठरलं होतं. हायवेवरच्या हॉटेलात चहा पिता पिता ट्रकवाल्यांनी चांगलं पढवलं होतं ह्यांना. माझ्या शाळेत एक सर म्हणाले, छोट्या गाड्यांत आता डिझेल येतच नाही, जरा मोठी घ्यावी लागेल. दुसरे म्हणाले, डिझेलचे दिवस गेले. तिसऱ्यांनी सीएनजी सुचवलं, स्वतः मात्र अजून मोटारसायकलवर येतात. फोनवर व्हिडिओ पाहावेत तर तो माणूस दोन्ही इंजिनांचं सारख्याच उत्साहानं कौतुक करायचा. ऐकावं तेवढा गोंधळ वाढत होता. त्यात हे ‘डिझेल’ म्हणाले की मला राग यायचा. गाडीच्या इंजिनाचा राग येतो का कुणाला? मला येत होता.

एका रविवारी आम्ही जालन्याला शोरूममध्ये गेलो. तिथल्या पोरसवदा सेल्समननं बसवलं, पाणी दिलं आणि विचारलंच, “सर, रनिंग किती?”

“लई हाय,” हे म्हणाले.

“काही न्हाई, गावातल्या गावात,” मी म्हणाले. दोघंही एकाच वेळी.

तो बिचारा आमच्या तोंडाकडे बघायला लागला. मग त्यानं समजावून सांगितलं, की डिझेलच्या गाडीत धूर गाळायचं फिल्टर असतं. रोज जवळजवळच चालवली तर ते काजळीनं भरतं. लांबचा प्रवास असेल तरच डिझेल घ्या.

“बघा!” मी ह्यांना म्हणाले. “बदली झाल्यावर काय करायचं त्या डिझेलचं?”

ह्यांनी मान खाली घालून डिझेलच्या गाडीचं माहितीपत्रक पुढं ओढलं. मला राग कशाचा येत होता ते तिथं, त्या खुर्चीत कळलं. ह्यांनी बदलीची आशा सोडली होती आणि मला न सांगता सोडली होती.

“तुम्ही धरूनच चाललात का, होणार न्हाई म्हणून?” मी विचारलं.

“तसं न्हाई गं,” हे हळूच म्हणाले. “मी म्हन्लं, डिझेल परवडतं, तर बुधवारी बी येत जाईन. शाळा सुटली की निघायचं, रात्री घरी, पहाटे परत. पेट्रोलनं इतका खर्चा कसा झेपंल? म्हून मागं लागून राह्यलो व्हतो.”

मी इतके दिवस भांडत होते ते ह्या बुधवाराशी. ह्यांचं खरं होतं, आणि माझंही खोटं नव्हतं. डिझेल घेतलं की बुधवार मिळणार होता, आणि डिझेल घेणं म्हणजे एका घरात राहण्याची आशा सोडून देणंही होतं. कितीही घोळवलं तरी दोन्ही वेगळं करता येईना.

“घ्या डिझेल,” मी म्हणाले.

ह्यांचा चेहरा एकदम खुलला. सेल्समननं बॉनेट उघडून दाखवलं. “मॅडम, बिलकुल टेन्शन घेऊ नका. दहा वर्षं बघायचं काम न्हाई ह्या इंजिनाकडं.”

“ऐकलंस का? दहा वर्षं!” हे आनंदानं म्हणाले.

ऐकलं होतं. आणखी दहा वर्षं हे बुधवारी येणार आणि पहाटे जाणार, शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. भर शोरूममध्ये मला रडू कोसळलं.