दुपारी रिकामा दिसलेला ॲड्रेस

एक्स-रे काढून झाला होता, पण फोटो डॉक्टर मॅडमच्या स्क्रीनवर येत नव्हता. राजारामपुरीतला तो दवाखाना पाचला उघडला होता आणि साडेपाचपर्यंत बाकड्यावर नऊ पेशंट जमले होते. मी बॅग भरून निघायच्या बेतात होते.

मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळचं कॉलेज सुटल्यावर शाहूपुरीतल्या एका नेटवर्किंगच्या ऑफिसात काम करते. आमचे साहेब संजयदादा यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मला एकटीला पाठवलं होतं. दवाखान्यातला जुना स्विच काढून नवा मॅनेज्ड स्विच बसवायचा होता. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात, ती पेटी म्हणजे स्विच. मॅनेज्ड असेल तर तिच्यात लॉगिन करून सेटिंग बदलता येतं. त्यासाठी पेटीला स्वतःचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला आकड्यांचा पत्ता, द्यावा लागतो, आणि तो नेटवर्कमधल्या दुसऱ्या कोणाचा नसावा लागतो.

ज्याचा शेवटचा आकडा ५० आहे, असा ॲड्रेस मी दिला. आधी पिंग केलं होतं. पिंग म्हणजे त्या ॲड्रेसला हाक मारायची आणि कोणी ओ देतंय का बघायचं. कोणीच ओ दिली नाही, म्हणून तो रिकामा आहे असं मी धरलं.

"मशीन बिघडलं वाटतं," रिसेप्शनवरच्या वंदनाताई म्हणाल्या. "सकाळी चांगलं चालत हुतं की."

मॅडम उठून एक्स-रेच्या खोलीत गेल्या, तिथल्या स्क्रीनवर फोटो बघून परत आल्या. पुढच्या पेशंटलाही तेच. पन्हाळ्याकडून आलेले एक आजोबा सुजलेलं मनगट धरून हे बघत होते.

"म्हशीनं लाथ मारली मला," ते म्हणाले, "आन पळापळ डॉक्टरीणबाईंची."

वंदनाताईंनी मशीनच्या कंपनीला फोन लावला. इंजिनिअर उद्या येणार होता. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मशीनच बिघडलं असेल तर माझा काही संबंध नव्हता.

तरी राहवेना म्हणून मी खोलीत जाऊन बघितलं. मशीनच्या कॉम्प्युटरवर कोपऱ्यात मेसेज आला होता. हा ॲड्रेस दुसरं कोणीतरी वापरतंय. शेवटचा आकडा ५०.

मी बाहेर आले. "ताई, दुपारी हे मशीन चालू होतं का?"

"दुपारी? एक ते पाच बंद असतोय दवाखाना. जाताना मी आतला मेनच पाडते. तू येणार म्हणून पुढची लाईट तेवढी ठेवलीती."

कोल्हापुरात दुपारी सगळंच बंद असतं. कोणाची अडचण नको म्हणून आम्ही कामंही दुपारीच घेतो. मी पिंग केलं तेव्हा मशीनला वीजच नव्हती.

मी संजयदादांना फोन केला. "दादा, चुकलं माझं. एक्स-रेचाच ॲड्रेस मी स्विचला दिलाय."

"पिंग केलं न्हाईस?"

"केलं. पण मशीन बंद होतं."

दादा म्हणाले, "मॅडमना सांगितलंस?"

"अजून नाही. ताईंनी मशीनच्या कंपनीचा माणूस उद्या बोलावलाय."

"आधी त्यास्नी सांग, मग बदल. त्यो कंपनीचा माणूस उगंच हेलपाटा घालंल."

मला उलटं करायचं होतं. आधी गुपचूप दुरुस्त करायचं, मग जमलं तर सांगायचं. माझ्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चूक कबूल करायची वेळ आली की वाटतं, आता हे लोक म्हणणार, तुझं इथं काम नाही.

मॅडमनी ऐकून घेतलं. "किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

"कर मग. वंदना, त्या इंजिनिअरला येऊ नका म्हणून सांग." एवढंच.

मी लॅपटॉप जोडून स्विचच्या ॲड्रेसचा शेवटचा आकडा २४० केला; एवढा वरचा आकडा सहसा कोणाला दिलेला नसतो. लगेच सेटिंगचं पान अडकलं. ते अडकणारच, कारण मी जुन्या ॲड्रेसवरून आत गेले होते आणि तो आता उरला नव्हता. नव्या ॲड्रेसने पुन्हा लॉगिन केलं आणि सेटिंग कायमचं सेव्ह केलं. तसं केलं नसतं, तर वीज गेल्यावर स्विच परत ५० वर आला असता. मग मशीनचा कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. आजोबांचा एक्स-रे निघाला तो थेट मॅडमच्या स्क्रीनवर आला. हाडाला बारीक चीर होती.

दुसऱ्या दिवशी दादांनी मला पुन्हा तिथेच पाठवलं, सकाळी अकराला, सगळं चालू असताना. मी एकेका मशीनपाशी जाऊन ॲड्रेस लिहून घेतले. पिंगला उत्तर आलं तर तिथे कोणीतरी आहे, हे नक्की. नाही आलं, तर फक्त उत्तर आलेलं नाही.