नागरिकत्वाचा रकाना

आमच्या घरात कुठलाही अर्ज वडीलच लिहीत. त्यांची सारी नोकरी संस्थानच्या कचेरीत खलिते लिहिण्यात गेली होती. अक्षर असं, की नळाच्या तक्रारीचा कागदही तहनाम्यासारखा दिसे. बाकीच्यांनी फक्त सही करायची. आबांनी लिहिलेलं वाचून बघणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पुढच्या अभ्यासासाठी मी अर्ज केला, तेव्हाही असंच झालं. कच्च्या प्रतीत नागरिकत्वापुढे मी ‘भारतीय’ लिहिलं होतं. पक्की प्रत आबांनी केली. मी सही केली आणि पाकीट टपालात टाकलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. जागा देता येईल, पण अर्जदार स्वतःला ज्या महाराजांची प्रजा म्हणवतो ते कोणत्या देशाचे, हे कळत नाही. सत्र सुरू होण्याआधी शपथपत्रासह खुलासा करावा.

आबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

“यात चूक काय आहे? जन्मलास तेव्हा त्यांचीच प्रजा होतास.”

“आबा, संस्थान मध्य भारतात विलीन होऊन वर्ष झालं.”

“ते मला सांगतोस? कपाटांच्या किल्ल्या मीच नेऊन दिल्या.”

दसऱ्याच्या मिरवणुकीतली त्यांची पगडी अजून खुंटीवर होती. आई तिच्यावरची धूळ दर रविवारी झटकायची, एवढाच काय तो दरबार उरला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोर्टात गेलो. माझ्या जन्माची शपथ वडिलांनीच घ्यायची होती. झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसानं कागद पाहिला आणि तो हसला.

“बाबूजी, रियासत तो गई. अब काहे के महाराज?”

“ठीक है. कलम इधर दो,” आबा म्हणाले.

त्याच्याच सतरंजीवर बसून त्यांनी शपथपत्र लिहिलं. ‘सदर संस्थान आता अस्तित्वात नाही’ हे वाक्य त्यांनी इतक्या देखण्या अक्षरात लिहिलं, की अर्जनवीस हसायचा थांबला.

पत्राच्या जाण्यायेण्यात सत्र सुरू झालं. खुलासा मान्य, जागा भरली, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, असं उत्तर आलं. सोबत कोरा अर्ज होता.

“तूच लिही,” आबा म्हणाले. “हल्ली कसलंही अक्षर चालतं.”

तो अर्ज आठवडाभर टेबलावर पडून राहिला. मला लिहायचा कंटाळा आला होता. खरं तर जायचाही. शेवटी कच्ची प्रत करून मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. संध्याकाळी पक्की प्रत तयार होती.

सही करण्याआधी मी ती पहिल्या ओळीपासून वाचली. रकान्यात ‘भारतीय’ होतं. आबा समोरच बसले होते. मी वाचतोय हे त्यांनी पाहिलं, आणि ते दौतीचं झाकण लावत राहिले.