सात कप्प्यांचा डबा

माझ्या मामांनी मला जितकं हताश केलं आहे, तितकं बंगळूरची तळी बुजवणाऱ्यांनीही केलेलं नाही. तळी बुजवणाऱ्यांशी निदान भांडता येतं. त्यांच्याविरुद्ध पत्रक काढता येतं, ते सिग्नलला उभं राहून वाटता येतं. मामांविरुद्ध पत्रक काढलं तर मामा ते शेवटपर्यंत वाचतात, "उद्गारचिन्हं स्वल्प जास्त झाली बघ," म्हणतात, आणि त्याच कागदात कडबोळी गुंडाळून गोल्फ खेळायला जातात.

हो, गोल्फ. आमच्या जे. पी. नगरच्या गल्लीत दिवसाआड टँकर येतो, आणि शहराबाहेर ते मैदान भर उन्हाळ्यात पोपटासारखं हिरवं असतं. त्या हिरवळीवर मी जन्मात पाऊल ठेवणार नाही, असं मी छापून जाहीर केलं होतं. आणि राहते कुठे, तर त्याच हिरवळीवर आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाच्या घरात, वरच्या खोलीत. मामा कारखान्यात यंत्रांची रेखाटनं काढत. निवृत्तीच्या थोडं आधी कंपनीने काही जणांना त्या क्लबचं सभासद करून घेतलं आणि आयुष्यात लगोरीपलीकडे काही न खेळलेल्या या माणसाने पंचावन्नाव्या वर्षी हातात काठी घेतली. गोल्फमध्ये अठरा होल असतात आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या सगळ्यांत घालायचा असतो. बरा खेळणारा नव्वदीत आटोपतो. मामांना बारा वर्षांत शंभराच्या आत कधी येता आलं नाही. "एकदाच," ते म्हणत, "एकदाच दोन आकडी स्कोअर आला की मी सुटलो. मग काठ्या माळ्यावर."

सराव वाढवावा, एखाद्या जाणत्याकडून शिकावं, हे कुणालाही सुचलं असतं. मामांना सुचला आहार. "चेंडू हाताने जातो असं तुला कुणी सांगितलं?" ते मला विचारत. "पोटाने जातो. हात नुसते सांगकामे." त्यासाठी त्यांनी स्वतः रेखाटन काढून चिकपेटच्या भांडेवाल्याकडून सात कप्प्यांचा स्टीलचा डबा घडवून घेतला. पहिल्या होलआधी भिजवलेले बदाम. तिसऱ्यानंतर खजूर. सहाव्याला डिंकाचा लाडू, नवव्याला चार घास दहीभात, अकराव्याला राजगिऱ्याची चिक्की, तेराव्याला केळं आणि पंधराव्यापासून शेवटपर्यंत कडबोळी, कारण शेवटच्या टप्प्यात, त्यांच्या मते, जबडा चालू राहिला की धीर सुटत नाही. हे सगळं मामी पहाटे साडेचारला उठून करत. मामा पलंगावरून ओरडत, "आज वारा आहे, लाडू स्वल्प मोठा वळ!" आणि मामी स्वयंपाकघरातून, "वारा तुमच्या पोटात आहे, अहो, मैदानावर नाही!"

मी वाद घालत असे. घालणारच, माझे वडील पत्रकं छापायचे आणि मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच. "मामा, चार तासांतला निम्मा वेळ तुम्ही झुडपात चेंडू शोधता. ही काय मॅरेथॉन आहे? एका केळ्यावर भागेल."

"केळं तेराव्याला आहे," मामा म्हणत, जणू मी वेळापत्रकच वाचलं नव्हतं.

प्रत्येक वाईट फटक्याचं मूळ त्यांना डब्यात सापडे. चेंडू वाळूत गेला तर बदामांची साल नीट निघाली नव्हती. पाण्यात गेला तर दही आंबट होतं. एका वहीत डावीकडे काय खाल्लं आणि उजवीकडे चेंडू कुठे गेला, असं ते बारा वर्षं लिहीत आले. एचएसआर लेआउटला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने एकदा परदेशी एनर्जी बार आणून दिले. पुठ्ठा वाळूत मळून वर चॉकलेट ओतावं तशी चव. मामांनी सहाव्या होलला लाडूऐवजी तो खाल्ला आणि चेंडू कुंपण ओलांडून थेट बसथांब्याच्या छपरावर वाजला. वहीत नोंद झाली: "शक्ती आहे, संस्कार नाहीत."

या पोषणाने अंग धरलं ते एकट्या मुनियप्पांनी. मुनियप्पा म्हणजे मामांच्या काठ्या वाहणारे कॅडी, वयाने मामांच्याच बरोबरीचे. प्रत्येक कप्प्यातला अर्धा वाटा त्यांचा. बारा वर्षांत गृहस्थ असे गुटगुटीत झाले की नवे सभासद त्यांनाच आधी नमस्कार करत. मैदानावरच्या घारीही इतर कुणाच्या डोक्यावर फिरत नसत, मामा सहाव्या होलकडे निघाले की मात्र दोन घारी वर गोल धरत. "अण्णा, आधी चेंडू बघा, लाडू मागनं," मुनियप्पा कळवळून सांगत. त्यांना मराठी येते ती मामांमुळे, आणि तिच्यात खाण्याचे शब्द जरा जास्तच आहेत.

मग गेल्या वर्षी ज्येष्ठ खेळाडूंची स्पर्धा नेमकी अंगारकीला आली. आमच्या घराण्याची अंगारकी कडक. चंद्र दिसेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. साबुदाण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. मामांना उपास मोडवेना आणि स्पर्धा सोडवेना. मामींना रात्रभर झोप नाही. पहाटे त्यांनी सवयीने डबा भरलाच आणि तो माझ्या पिशवीत कोंबला. "तू जा त्यांच्याबरोबर. चक्कर येऊन पडले तर तोंडात लाडू घाल. पाप लागलं तर माझ्या नावावर."

"मामी, मी छापून सांगितलंय की त्या हिरवळीवर..."

"वाचलंय मी. चपला घाल."

तर अशा रीतीने, माझ्या तत्त्वांसकट आणि सात भरलेल्या कप्प्यांसकट, मी त्या हिरवळीवर पाऊल ठेवलं.

मामा पहिल्या होलला फिकट दिसत होते. पण करायला दुसरं काहीच नसल्यामुळे त्यांनी चेंडूकडे पाहिलं. बारा वर्षांत बहुधा प्रथमच, नुसतं चेंडूकडे. तिसऱ्याला खजूर नाही, म्हणून थेट चौथ्याकडे. सहाव्यावर घारी आल्या, वाट पाहून निघून गेल्या. मुनियप्पा भुकेने व्याकूळ, पण नवव्यानंतर त्यांचाही चेहरा बदलला. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि कुजबुजले, "अक्का, बोलू नका. काहीच बोलू नका." अठराव्या होलला चेंडू आत पडल्याचा बारीक आवाज आला, तेव्हा मुनियप्पांनी कार्डावरची बेरीज दोनदा केली, मग मला करायला लावली. अठ्ठ्याण्णव.

मी ओरडले. हो, मी, त्या हिरवळीवर. मामा मात्र कार्ड घेऊन रेनट्रीखालच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी डबा काढला.

"तो ठेव आत," ते म्हणाले. "आणि हे घरी सांगायचं नाही."

"मामा! बारा वर्षं! मामी पेढे वाटतील."

"वाटेल की. आणि उद्यापासून पहाटे कशाला उठेल?"

मला कळेना. ते कार्डाच्या कडा बोटाने सरळ करत राहिले.

"मुलगा गेला तिकडे. तिची शाळेतली नोकरी संपली, माझा कारखाना सुटला. तू वर, खाली आम्ही दोघंच. मी फार बोलणारा माणूस नाही, तुला ठाऊक आहे. खलबत्त्याचा आवाज आला की मला वाटतं, सरी, ठीक आहे, चाललंय आपलं. दुपारी ती विचारते, लाडू कसा झाला होता? मी सांगतो, ती भांडते. तेवढंच बोलणं आहे गं आमचं. आता तिला जाऊन सांगू, तुझ्या लाडवाशिवायच मी चांगला खेळतो?"

मी त्या वेळी पुष्कळ बोलू शकले असते. सत्य दडपणाऱ्यांविरुद्ध माझी दोन पत्रकं आहेत, त्यांतलं एक तर चांगलं झालंय. पण मुनियप्पा समोर उभे होते आणि त्यांनी नुसती मान हलवली, चेंडू पाण्याकडे वळताना हलवतात तशी.

घरी पोचलो तेव्हा मामी दारातच होत्या. "किती?"

"एकशे बारा," मामा म्हणाले. "पोटात काही नव्हतं ना."

मामींच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, ते मी कुठल्याही मोर्चात पाहिलेलं नाही. "म्हटलं नव्हतं मी?" त्या माझ्याकडे वळल्या. "सांग आता, काय ते तुझं एका केळ्यावर भागेल?"

मी म्हटलं, "चुकलं माझं, मामी." आयुष्यात पहिल्यांदा वादात हरले, आणि तेही खोटं बोलून.

त्यानंतर मामांना शंभराच्या आत कधी येता आलेलं नाही. जमत नाही की जमू देत नाहीत, हे मी विचारलेलं नाही. मुनियप्पांना माहीत असेल, पण त्यांच्या तोंडात लाडू असतो. मामींनी गुळाच्या पोळीसाठी आठवा कप्पा हवा असं काढलं आहे आणि त्यावरून पहाटे दोघांचं कडाक्याचं भांडण चालू आहे. मला ते वरच्या खोलीत ऐकू येतं. कार्ड मामांनी त्या दिवशी माझ्या पिशवीत टाकलं, ते माझ्याकडेच आहे, न वाटलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यात. त्या गठ्ठ्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे आणि ते सगळे कागद मला गावभर वाटायचे आहेत. एवढा एक सोडून.