दादाच्या खुर्चीचं वेगाचं बटण

गल्लीत तिला सगळे बटणवाली म्हणत. रेडिओ, पंखा, शेगडी. ज्याला फिरवायचं बटण आहे ते बिघडलं की तिच्या दुकानात यायचं. थोरल्या भावाच्या पायांतली ताकद गेली, तेव्हा तिनं त्याच्या चाकांच्या खुर्चीला मोटार बसवली. वेगासाठी रेडिओच्या आवाजाला असतो तसला, फिरवून वीज कमीजास्त करणारा पोटेन्शियोमीटर लावला, कार्बनच्या पट्टीचा. तोच हाताशी होता.

एके दिवशी उतारावर दादानं बटण जरासं फिरवलं आणि खुर्ची सुसाट सुटली.

"अगं, धर!"

बटण त्यानं कधीच शून्यावर आणलं होतं, वेग मात्र वाढतच होता. ती जिवाच्या आकांतानं धावली. खाली चौकातून ट्रक जात होते. बोटं खुर्चीच्या दांडीला लागली आणि निसटली. खुर्ची कडेच्या वाळूच्या ढिगात घुसली, दादा बाजूला फेकला गेला. मनगट मोडलं.

"तुझ्या खुर्चीला माझ्यापेक्षा घाई," तो कण्हत म्हणाला. तिला हसू येईना.

बटण उघडलं तर आत धूळ, पट्टी झिजलेली, तिच्यावर सरकणारा काटा अधांतरी. काटा सुटला की मोटारीला पूर्ण वेगाचा हुकूम मिळत होता. त्यानंतर तिनं त्या खुर्चीला हातच लावला नाही.

"मी काय जन्मभर खिडकीत बसू?" दादा वैतागला.

"पुन्हा सुटली तर?"

"सुटू नये असं कर ना!"

मग तिनं दुसरा पोटेन्शियोमीटर निवडला: धूळ न शिरणारा, बंद डबीचा, वेग एकसारखा चढवणारा, रेडिओच्या बटणासारखा आधी संथ आणि मग एकदम नव्हे. काट्यापासून शून्याच्या तारेपर्यंत बऱ्याच जास्त ओहमचा, म्हणजे वीज जोरात अडवणारा रेझिस्टर जोडला, म्हणजे काटा सुटलाच तर मोटार थांबावी. शिवाय हाताजवळ वीज तोडणारं लाल बटण.

चाकं विटांवर उचलून तिनं मोटार सुरू केली. डोळे घट्ट मिटून काट्याची तार उपसली. घरघर थांबली. तरी तिला खरं वाटेना. तिनं तार जोडून पुन्हा उपसली. पुन्हा.

आता दादा एकटा न्हाव्याकडे जातो. ती दुकान उघडं टाकून उताराच्या तोंडाशी उभी राहते.

"जा गं घरी!" तो मागं न बघता ओरडतो.

ती हलत नाही.