चुन्याने आखलेली बाग

बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या आणि त्यातल्या किती उगवल्या ते पाहायचं, हे माझं काम. त्यामुळे मला झाडांतलं फार कळतं, असा नातेवाइकांचा समज आहे. बायकोचा नाही. भाड्याच्या घरातल्या चारही कुंड्या मी कशा वाळवल्या, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून जालन्यात अंबड रस्त्याला आमचं घर बांधून झालं आणि पुढे-मागे बरीच जागा मोकळी राहिली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, इथं तुम्ही हात लावू नका. यातलं शिकलेल्या कुणाला तरी बोलवू."

यातली शिकलेली म्हणजे संभाजीनगरहून आलेली तिशीतली एक मुलगी. लँडस्केप डिझायनर. बायकोच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची बाग तिनेच केली होती. खांद्याला पिशवी, हातात टेप, पायात मळलेले बूट.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही कल्पनाच पटली नव्हती. वडीगोद्रीजवळ त्यांनी आयुष्यभर मोसंबीची बाग केली. गुडघे बोलायला लागले तेव्हा शेत माझ्या धाकट्या भावाच्या हाती देऊन ते आमच्याकडे राहायला आले. "झाडं लावायला माणूस लावायचा?" ते म्हणाले. "मंग मी काय शोभेला बसलो का इथं?"

मला वाटलं होतं, ती मुलगी फोटोंची वही काढील आणि आपण बोट ठेवायचं. तिने वही काढली ती आमची उत्तरं लिहून घ्यायला. सकाळचा चहा कुठे घेता? भाजीवाला आला की कोणत्या दाराने बाहेर जाता? दुपारी ऊन कुठल्या खिडकीत येतं? बायको भराभर सांगत होती. इतकी वर्षं संसार करून मला न कळलेल्या दोन-तीन गोष्टी मला त्या दिवशी कळल्या.

माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "मला लॉन पाहिजे. हिरवंगार, अनवाणी चालता येईल असं."

"छान," ती म्हणाली. "नळ किती दिवसांनी येतो तुमच्याकडे?"

बायकोने पदर तोंडाला लावला.

मग तिने अंगणात हातभर खोल खड्डा घेतला, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि ते किती वेळात जिरतं ते उद्या कळवा म्हणून मला सांगितलं. आबा ओट्यावरून बघत होते. ती गेल्यावर म्हणाले, "काळी जमीन हे. पाणी धरून बसती. हे कळायला खड्डा कशाला लागतो?" दुसऱ्या दिवशी खड्ड्यात अर्धं पाणी तसंच होतं. आबांनी ते मला दोनदा नेऊन दाखवलं.

नकाशा करायला तिला पंधरा दिवस हवे होते. तेवढ्यात आबा गावी जाऊन आले. येताना एसटीत मांडीवर मोसंबीचं कलम धरून आणलं आणि घरात पाय ठेवायच्या आधी ते पुढच्या अंगणात, अगदी मधोमध लावून टाकलं. तिथून गाडी आत यायची होती, हे मला दिसत होतं. मी आबांना बोललो नाही आणि त्या मुलीलाही कळवलं नाही. आपोआप काहीतरी होईल, अशी मला लहानपणापासून आशा असते.

ती नकाशाची गुंडाळी घेऊन आली आणि फाटकातच थांबली. "हे इथे नको. गाडी कुठून येणार?" ती सहज बोलून गेली.

आबा ओट्यावरून उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ठेवलेला चहा तसाच राहिला. पुढचे दोन दिवस ते फक्त टीव्हीशी बोलले.

शेवटी मी तिला फोन केला. नको आपल्याला ही बाग, असं सांगायचं मनात ठरवलंच होतं.

"आबांना नकाशा दाखवलात?" तिने विचारलं.

"आज दाखवला. त्यांनी उलटा धरला आणि बराबर आहे म्हणाले."

ती म्हणाली, "चूक माझी आहे. मी रविवारी येते. एक गोणी चुना आणून ठेवा."

रविवारी सकाळी ती आली. ओंजळीत चुना घेऊन, टेपने मापं घेत, तिने नकाशातली रेघ न् रेघ जमिनीवर ओढायला सुरुवात केली. झाडाच्या जागी गोल, वाफ्याच्या जागी चौकोन. शेजारचे निवृत्त उर्दू शिक्षक भिंतीवरून डोकावले. "क्या भाई, कबड्डी का मैदान बना रहे क्या?"

तासाभराने आबांच्या खोलीचं दार उघडलं. काठी टेकत ते ओट्यावर आले, मग एक पायरी उतरले.

"ही कशाची रेघ?"

"पायवाट, आबा. फाटकापासून मागच्या दारापर्यंत."

आबा त्या रेघेवरून चालायला लागले. कोपऱ्याशी आले आणि रेघ सोडून तिरके निघाले. "माणूस असा काटकोनात वळत न्हाई. हातात पिशवी असली का सरळ दाराकडंच सुटतो."

"परत चालून दाखवता?"

ते चारदा चालले. चारही वेळा त्यांनी त्याच जागी रेघ ओलांडली. तिने बुटाने चुना पुसला आणि आबांची पावलं उमटली होती तिथून नवी वाट आखली. आबा खाली वाकून ती रेघ बघत राहिले. मग स्वतःच गोणीत हात घातला.

त्यानंतर त्या दोघांनी मला उभ्याचं बसू दिलं नाही. इथं खुर्ची ठेव, तिथं बादली धर. मग आबांनी गाडी आत आणायला सांगितलं. मी चुन्याच्या दोन रेघांमधून हळूहळू गाडी घेतली आणि मोसंबीसमोर ब्रेक मारला. पुढे जायला जागाच नव्हती. आबा एकदा गाडीकडे, एकदा झाडाकडे बघत उभे राहिले.

"हे झाड इथं कोणं लावलं?" ते म्हणाले.

मग ते स्वतःच हसायला लागले, आणि इतके हसले की बायकोने पाणी आणून दिलं.

मोसंबी त्यांनीच काढली. मुळांचा गड्डा फुटू नये म्हणून त्या मुलीकडून ओलं गोणपाट कसं घट्ट बांधून घेतलं, ते मला अजून दिसतं. झाड मागच्या कोपऱ्यात गेलं. पुढच्या महिन्यात बाकीचंही उभं राहिलं. तिरकी फरसबंद पायवाट, दारापाशी बकुळ, स्वयंपाकघरामागे लिंबू आणि कढीपत्ता, धुण्याच्या पाण्यावर कर्दळ आणि केळी. लॉनचं पुढे काय झालं, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

मोसंबीने मात्र आठवड्यात सगळी पानं टाकली. आबा रोज नखाने तिची साल खरवडून बघायचे. "आत हिरवी हे अजून." त्या मुलीचा रोज फोन यायचा, तो आबांना. मला ती फक्त पाण्याच्या मोटारीच्या टायमरबद्दल विचारायची. एका सकाळी सालीखाली तपकिरी निघालं. आबांनी स्वतः फोन लावायला सांगितला. "बाई, गेलं ते," एवढंच बोलले आणि फोन माझ्या हातात दिला. त्या दिवशी ते जेवायला उशिरा आले.

आठ दिवसांनी ती आली, तेव्हा नवं कलम आणील असं मला वाटलं होतं. ती रिकाम्या हाताने आली. कोपऱ्यात आबांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, आता इथे काय लावू या?"

आबांनी वर बघितलं, भिंतीकडे बघितलं. "काईच नको. थंडीत सकाळचं ऊन इथं येतं. मी बसन इथं." तिने नकाशातला गोल खोडला आणि तिथे खुर्ची काढली.

वर्षाने ती बागेचे फोटो काढायला आली. केळीला घड लटकला होता. बकुळ कमरेएवढी झाली होती. सगळीकडून फोटो काढून झाले आणि मागच्या अंगणात ती जरा घुटमळली. तिथे दोरीवर आबांचं धोतर वाळत होतं, बायकोच्या दोन साड्या होत्या.

"वहिनी, पाचच मिनिटं हे कपडे काढता येतील?"

"आज पाणी आलंय," बायको म्हणाली. "कपडे निघणार न्हाईत."

ती हसली. धोतराच्या एका बाजूला आबांना बसवलं आणि फोटो काढला. तिच्या कामाच्या फोटोंमध्ये तो सगळ्यात पहिला आहे, असं परवा बायकोची मैत्रीण सांगत होती. आबांनी तो आमच्या फोनवर मोठा करून बघितला आणि म्हणाले, धोतर चांगलं पांढरं निघालंय.